एसी कुठल्या खोलीत?

पत्र थोडक्यात असं: ठाण्यात पाचपाखाडीतली जुनी चार मजली इमारत, सगळ्यात वरचा मजला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात पाच माणसं: पत्र लिहिणाऱ्या ४६ वर्षांच्या बाई, नवरा, बारावीची परीक्षा झालेला मुलगा, सासू-सासरे. सासरे ७६ वर्षांचे, मूळचे संगमेश्वरकडचे, बीपीच्या गोळ्या चालू. घरात पहिला एसी घ्यायचं ठरतंय, पण सासरे आतल्या खोलीत तो लावू देत नाहीत. "एसीने हाडं धरतात. आम्ही कोकणात उन्हात वाढलो. चंद्रपूरला ४५ असतं, इथे काय आहे?" असं त्यांचं म्हणणं. दुपारी चारला ते चालत तलावपाळीला मित्रांकडे जातात आणि घरातल्या खिडक्या दिवसभर सताड उघड्या ठेवतात. नवरा म्हणतो, मग हॉलमध्ये लावू, नाहीतर सरळ कूलर आणू. मागच्या आठवड्यात खिडकीवरून वाद झाला आणि बाई सासऱ्यांवर सगळ्यांसमोर ओरडल्या. ते मनाला लागून राहिलंय.

त्या रबाळे एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात हिशेबाचं काम करतात. पाचला उठून डबे करायचे, संध्याकाळी सातला परत आल्यावर पुन्हा स्वयंपाक. कारखान्यातलं बाथरूम शेडच्या पलीकडे, कडी नीट लागत नाही, म्हणून दिवसभर पाणी कमीच पितात. शेवटी एक ओळ आहे: "मलाही रोज संध्याकाळी डोकं चढतं, पोटऱ्यांत गोळे येतात, अधूनमधून लघवीला जळजळ होते, पण ते चालायचंच." प्रश्न दोन: सासऱ्यांना एसीसाठी तयार कसं करू? आणि माझा स्वभाव असा का होत चाललाय?

ताई,

सासऱ्यांच्या गोळ्या, त्यांची चारची फेरी, नवऱ्याचा कूलर, सगळं तुम्ही तपशिलात लिहिलंत. स्वतःबद्दल एकच ओळ, तीही शेवटी, आणि "चालायचंच" म्हणून लगेच मिटवलेली. मी उत्तर त्या ओळीपासून सुरू करते. एसीकडे नंतर येऊ.

घरात उन्हाळ्याचा धोका कोणाला, तर बाबांना, असं तुम्ही धरून चालला आहात. त्यांचं वय आणि बीपी पाहता काळजी रास्तच आहे. पण तुम्हीच लिहिलंय की स्वयंपाकघराची भिंत पश्चिमेची, वर गच्चीचा स्लॅब, आणि गॅसची ज्योत हलते म्हणून पंखा बंद. स्लॅब आणि भिंत दिवसभर ऊन पिऊन घेतात आणि संध्याकाळनंतर ते आत सोडत राहतात. नेमकं त्याच वेळी, साडेसातला, तुम्ही तव्यासमोर उभ्या असता. एक पोळी तव्यावर, दुसरी पोळपाटावर, शेजारी कुकर, आणि मनगटाने कपाळ पुसायचं कारण हात पिठाचे. त्या पाऊण तासात हॉलमध्ये पंख्याखाली बसलेल्या बाबांपेक्षा तुमच्या शरीरावर जास्त ताण पडतो. त्याच्या आधीचे दहा-बारा तास तुम्ही धड पाणी प्यायलेल्या नसता. एवढं झाल्यावर संध्याकाळी डोकं चढतं यात नवल नाही. पोटऱ्यांत गोळे येतात ते घामावाटे मीठ-पाणी जातं आणि भरून निघत नाही म्हणून.

लघवीची जळजळ मात्र "चालायचं" म्हणून सोडू नका. कमी पाणी आणि तासन्‌तास दाबून ठेवलेली लघवी, दोन्ही मिळून मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण देतात. कमी पाणी पिणाऱ्या बायका ठाणे-वाशी लोकलच्या कुठल्याही डब्यात भेटतील. नोकरीच्या ठिकाणी बरी सोय नाही म्हणून घरून निघतानाच ग्लास बाजूला सारणाऱ्या. हा बाईचा नाजूकपणा म्हणून सोडून दिला जातो, पण मुळात तो कारखान्यातल्या कडीचा प्रश्न आहे. बायकांसाठी वेगळं, दार-कडी असलेलं स्वच्छतागृह हवं, ही अपेक्षा १९४८च्या कारखाने कायद्यापासून आहे. कायदा काढून मालकासमोर उभं राहा असं मी म्हणत नाही. तिथे आणखी दोन-तीन बायका असतील. सगळ्या मिळून एकदा सांगा: कडी बसवा, बल्ब लावा, किल्ली आमच्याकडे द्या. हिशेब तुम्हीच ठेवता, तेव्हा हा खर्च किती किरकोळ आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आणि मग पाणी प्या. एकदम तांब्याभर नको, थोडं थोडं, दिवसभर. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतकं, हे माप कुठेही उपयोगी पडतं. डब्याबरोबर बाटलीत ताक न्या, चिमूटभर मीठ घालून. ज्या दिवशी फार घाम गेला, गोळे आले, त्या दिवशी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. मेडिकलमधून आणायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली ओआरएसची पुडी मागा. फळांची चित्रं छापलेले गोड खोके काउंटरवर पुढेच मांडलेले असतात, पण ते सरबत झालं.

आता स्वयंपाकघर. एप्रिल-मे हे दोन महिने संध्याकाळच्या पोळ्या बंद करता येतील का, याचा विचार करा. पाचपाखाडी-नौपाड्यात पोळी-भाजी केंद्रं हाकेच्या अंतरावर आहेत. "घरच्या पोळीची सर नाही" असं कोणीतरी म्हणेलच, म्हणू द्या. नाहीतर रात्री कढी-भात, दहीभात, मुगाची खिचडी. मुलाची परीक्षा संपली आहे. त्याला लाटता येत नसेल तर भाजता येईल, आणि लाटणंही आठवड्याभरात जमतं. कुकर, चहा-दूध इंडक्शनच्या शेगडीवर हलवा. तिथे ज्योत नाही, म्हणजे पंखा चालू ठेवता येतो, आणि खोलीही गॅसइतकी तापत नाही. खिडकीत एक्झॉस्ट नसेल तर एसीच्या आधी तो बसवा. हा खर्च एसीच्या मानाने काहीच नाही, आणि तो तुमच्यासाठी आहे हे घरात मोठ्याने सांगून करा.

स्वभावाबद्दल. ज्या बाईची झोप मार्चपासून रोज रात्री दोनदा मोडते, जी सकाळी पाचला उठते आणि संध्याकाळपर्यंत जेमतेम दोन ग्लास पाण्यावर चालते, तिचा आवाज चढला तर मी आधी झोप आणि पाणी बघेन, स्वभाव नंतर. गाढ झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि तापलेल्या स्लॅबखाली ते लवकर उतरत नाही. आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण वय ४६ आहे म्हणून विचारते: पाळी मागेपुढे होतेय का? एकदम अंगातून वाफ आल्यासारखं होणं, रात्री घामाने जाग येणं, चिडचिड, हे पाळी जायच्या आधीच्या काळातही होतं, आणि मे महिन्यात ते उकाड्याच्या नावावर खपून जातं. डॉक्टरांना हे आपणहून सांगा. पाऊस पडून हवा निवळल्यावरही चिडचिड आणि उदासपणा तसाच राहिला, तर तो उन्हाळ्याच्या खात्यावर टाकू नका, तेव्हा वेगळा सल्ला घ्यावा लागेल.

बाबांवर ओरडलात त्याबद्दल एवढंच म्हणा: "बाबा, त्या दिवशी माझा आवाज चढला, तसं व्हायला नको होतं." पुढे "पण खिडकी" असं जोडू नका. खिडकीचं दुसऱ्या दिवशी बोला. आणि खिडकीच्या वादात तुम्ही दोघं अर्धे-अर्धे बरोबर आहात. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारपासून ऊन पडतं, तिथे पडदा किंवा चटई हवीच, आणि शक्यतो काचेच्या बाहेरून, म्हणजे ऊन आत शिरण्याआधीच अडतं. बाकीच्या खिडक्या मात्र आपल्या दमट हवेत बंद करून बसण्यात अर्थ नाही, हवा खेळती लागते. रात्री सगळ्याच उघडा, डासांची जाळी लावून.

आता सासरे. "चंद्रपूरला ४५ असतं" हे वाक्य ठाण्यातल्या निम्म्या घरांत ऐकू येतं, त्यामुळे यावर थोडं थांबते. घाम आला म्हणजे अंग थंड होतं असं नाही, घाम वाळला की अंग थंड होतं. विदर्भात उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, घाम येतो तसा उडून जातो. आपल्याकडे खाडी आणि समुद्राच्या दमट हवेत तो अंगावरच निथळत राहतो, म्हणून आपल्याला ३५-३६ अंशही झेपत नाहीत. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं, आणि किनारपट्टीवर ३७पासूनच. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यासाठी भर उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण दगावले. त्या दिवशी आसपास नोंदलं गेलेलं तापमान ३८ अंशांच्या घरात होतं. हे बाबांना घाबरवायला सांगू नका. पण चंद्रपूरची तुलना निघाली की शांतपणे जरूर सांगा.

कूलरही याच कारणासाठी नको. तो पाणी उडवून हवा गार करतो. नागपुरात उत्तम चालतो, पण ठाण्यात मे महिन्यात हवेत आधीच इतका दमटपणा असतो की बंद खोलीत कूलरने चिकचिक वाढते. नवऱ्याला हे पैसे खर्च व्हायच्या आधी सांगा.

"कोकणात वाढलो" या मुद्द्यावर मात्र मी बाबांच्या बाजूने थोडी आहे. ते म्हणतात ते खरं आहे, फक्त ते अर्धं सांगतायत. संगमेश्वरच्या घराला कौलं होती, जाड मातीच्या भिंती होत्या, पुढे खळ्यात झावळ्यांचा मांडव होता. माणसं पहाटे कामाला लागायची आणि दुपारी जेवून पडवीत आडवी व्हायची. भर चारच्या उन्हात डांबरी रस्त्यावर कोणी चालत नसे. उन्हाची सवय अंगाला होती तितकीच घराला आणि दिवसाच्या घडीलाही होती. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना विचारा की तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी काय करायचे. तासभर बोलतील. त्यातूनच गच्चीचा विषय निघेल, आणि गच्चीचं काम त्यांच्या हाती द्या.

कारण तुमच्या घरापुरता खरा इलाज आधी वरून करायचाय. स्लॅबवर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मारला तर खालच्या खोल्यांत जाणवेल इतका फरक पडतो. चुना पावसात धुऊन जातो, तो दरवर्षी मार्चमध्ये मारावा लागेल. बांबू-दोरी लावून हिरव्या शेडनेटचा मांडव घातला तर आणखी बरं. गच्ची सोसायटीची असते, म्हणून सेक्रेटरींना अर्ज द्यायचा. ७६ वर्षांचा, बिल्डिंगमधला जुना माणूस अर्ज घेऊन गेला की कमिटीत तुमच्यापेक्षा लवकर काम होतं, हे कटू असलं तरी असंच आहे. शिवाय "माझ्या घरात एसी नको" म्हणणाऱ्याला उन्हाविरुद्ध काहीतरी करायला मिळतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारनंतर चहाला चालेल इतकं तापतं, तेव्हा संध्याकाळच्या आंघोळीच्या बादल्या सकाळीच भरून ठेवा.

तलावपाळीची फेरी बंद करू नका. म्हाताऱ्या माणसाला मित्रांपासून तोडून घरात बसवणं हा काही उपाय झाला नाही. वेळ सरकवा. सहाचा कट्टा करा, किंवा सकाळी कचराळी तलावाच्या ट्रॅकवर. त्यांचे मित्रही त्याच वयाचे, त्यांच्या घरीही हीच भांडणं चालू असणार. एखाद्या मित्राच्या सुनेशी किंवा मुलाशी बोला. एकट्या बाबांना चारवरून सहावर आणणं कठीण आहे, सगळ्या मंडळाला आणणं सोपं. मार्चमध्ये काही दिवस पूर्वेकडून गरम वारा येतो आणि दुपारी येणारा समुद्राचा वारा लांबतो. त्या दिवसांत मात्र संध्याकाळपर्यंत घरीच थांबायला सांगा.

त्यांच्या गोळ्यांकडे एकदा नीट बघायला हवं. बीपीच्या औषधांत पुष्कळदा लघवी वाढवणारी गोळी असते, आणि उन्हाळ्यात घामाबरोबर तीही पाणी काढत राहते. उठल्यावर गरगरतं, तोल जातो, असं ते म्हणत असतील तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद किंवा अर्धी करायची नाही. या वयात तहानही कमी लागते, म्हणून "तहान लागली की पितो" यावर विसंबू नका. दिवसाला किती पाणी चालेल हे डॉक्टरांनाच विचारा, कारण हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्यालाही मर्यादा असते, आणि किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर रोज शहाळंही चालत नाही. कोकम सरबत, पन्हं द्यायला हरकत नाही, मीठ आणि साखर हात राखून.

आणि आता एसी. माझं मत: आतल्या खोलीत लावा, हॉलमध्ये नको. हॉलला दारं-खिडक्या जास्त, माणसांची ये-जा जास्त, गारवा टिकणार नाही आणि बिल येईल. आतल्या खोलीत सासू-सासरे पलंगावर, तुम्ही तिघं खाली गाद्या घालून, असे उन्हाळ्याचे तीस-चाळीस दिवस काढता येतात. ठाण्यात कितीतरी घरं तशीच झोपतात. हाडं धरण्याची तक्रार मला खोटी वाटत नाही. १८वर लावून झोत थेट पलंगावर सोडला तर कोणाचीही मान धरेल. २६-२७वर ठेवा, झोत भिंतीकडे वळवा, पंखा हळू चालू ठेवा. बाबांना पहिल्या रात्री हॉलमध्येच झोपायचं असेल तर झोपू द्या, आग्रह नको. सासूबाईंना काय वाटतं हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्यांना विचारा, कदाचित त्यांना एसी हवा असेल आणि त्या नवऱ्यासमोर बोलत नसतील. घेण्याआधी वायरमनला बोलावून बिल्डिंगची जुनी वायरिंग आणि मीटरचा मंजूर भार तपासा. एसीला मीटरपासून वेगळी वायर लागते.

घरातल्या सगळ्यांना, मुलालासुद्धा, एवढं माहीत हवं: उन्हातून आलेला किंवा तापलेल्या खोलीत बसलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, झटके आले, तर तो उष्माघात समजून आधी १०८ला फोन. अंग कोरडं असो की घामेजलेलं, फरक पडत नाही. गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत पंखा लावा, काखेत आणि मानेला बर्फ लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ठसका लागतो. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, तो ताप वेगळा. खिशातला कांदाही असू द्या, पण त्याच्या भरवशावर वेळ घालवू नका.

जाता जाता, गच्चीच्या अर्जात तुमच्या वॉचमनच्या केबिनचाही उल्लेख करा. वर पत्रा, आत एक खुर्ची आणि बाटलीभर कोमट पाणी, अशीच असेल ती. तिथे एक टेबलफॅन आणि माठ ठेवायला सोसायटीला फार जड जाणार नाही.

या आठवड्यात सासऱ्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा दोन नावं लावा. दुसरं तुमचं. लघवीची तपासणी त्याच दिवशी होते, त्यासाठी उपाशीपोटी जावं लागत नाही, आणि रबाळ्याची गाडी एक दिवस उशिराची पकडली तरी चालते.